एक्केचाळीस मिलिग्रॅम

माणसाला चोर ठरवायला फार काही लागत नाही. एक रजिस्टर, एक पेन्सिल आणि स्वतःचं डोकं न वापरायची सवय, एवढं पुरतं. वार्षिक तपासणीला आलेल्या तपासनिसाकडे हे तिन्ही होतं. त्यानं मिलिग्रॅमबाईंच्या रजिस्टरातला पहिल्या पानावरचा आकडा पाहिला, शेवटच्या पानावरचा पाहिला, वजाबाकी केली आणि चष्म्यावरून बाईंकडे बघत विचारलं, एक्केचाळीस मिलिग्रॅम प्लॅटिनम गेलं कुठं? शब्द 'गेलं कुठं' असे होते, सूर 'नेलं कुठं' असा होता.

एक्केचाळीस मिलिग्रॅम म्हणजे किती, तर टाचणीचं डोकं असतं ना, जेमतेम तेवढं. पण प्लॅटिनम म्हटलं की भल्याभल्यांचे डोळे विस्फारतात, आणि कपाटाची किल्ली जिच्या ताब्यात तिचेच हात आधी दिसतात.

मिलिग्रॅमबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. त्यात चेष्टा होती तशी मायाही होती. एकोणीस वर्षं बाई त्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. काचेची भांडी धुवायची, आम्लं पातळ करून बाटल्या भरायच्या, सामान द्यायचं, परत घ्यायचं. वजन केल्याशिवाय त्या कुणाला काही देत नसत आणि वजन केल्याशिवाय परत घेत नसत. एकानं एकदा विचारलं, घरी नवऱ्यालाही सकाळी तोलून पाठवता का. बाई म्हणाल्या, तशी गरज पडत नाही, तो जातो तेवढाच परत येतो, वर थोडा वाढूनच येतो.

ही सवय त्यांना वडिलांकडून लागलेली. वडील दागिने घडवणाऱ्याच्या दुकानात कारागीर होते. तिथं दिवस संपला की मांडीवर पसरलेलं कातडं झटकायचं, फरशी झाडायची, तो केरसुद्धा चाळून ठेवायचा. वर्षातून एकदा जुनी पुसणी आणि हात पुसायची फडकी जाळायची आणि राखेतून सोनं काढायचं. लहानपणी बाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फाटक्या, कळकट फडक्यांतून पिवळा मणी निघायचा, आणि वडील म्हणायचे की धातू बिचारा कुठं जात नसतो, आपणच त्याला नीट शोधत नाही.

आता प्रयोगशाळेचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथंच आहे. पाण्यातून वीज सोडली की पाण्याचे दोन वायू होतात, एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्याला ऑक्सिजन. हायड्रोजन जाळला की धूर नाही, काजळी नाही, म्हणून सगळ्या जगाला तो हवा आहे. पण पाणी असं सहजासहजी फुटत नाही. फार वीज खातं. टोकाला प्लॅटिनम असलं तर मात्र थोडक्यात काम भागतं. आणि प्लॅटिनम किती महाग, ते सांगायला नको. म्हणून सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सात वर्षं खपून स्वस्त धातूचा लेप शोधला होता. नखाएवढ्या जाळीवर कोबाल्टचा काळा लेप. दोन वर्षांपूर्वी तो एकदम चालायला लागला. असा चालला की सरांचे फोटो छापून आले, भाषणं झाली, एक कंपनी कारखाना काढायला पुढे आली. 'प्लॅटिनमची सद्दी संपली' असं सर व्यासपीठावरून सांगायचे. त्यांच्या लेपाची सगळ्यांत मोठी खुबी अशी की तो जितका वापराल तितका सुधारतो.

बाईंना ही खुबी पहिल्यापासून खटकली होती. वापरून वापरून झाडू झिजतो, चप्पल झिजते, माणूस तर झिजतोच. वापरल्यानं सुधारणारी वस्तू त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. पण भांडी धुणाऱ्या बाईनं असलं काही बोलायचं नसतं, हे त्यांना एकोणीस वर्षांत पुरतं समजलं होतं.

आणि गंमत बघा. प्लॅटिनमची सद्दी संपवायला निघालेल्या त्या खोलीत प्लॅटिनम रोज हजर असायचं. आम्लाच्या भांड्यात एका बाजूला सरांची जाळी सोडायची, तर समोर दुसरं टोक हवंच. ते कशाचं, तर दोन वर्षांपासून प्लॅटिनमच्या तारेचं, कारण आम्लात टिकणारं दुसरं काही चटकन हाताशी नव्हतं. सगळीकडे असंच करतात, असं सर म्हणायचे. तारेचं वेटोळं एका बारीक बाटलीत, बाटली लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली बाईंकडे. सकाळी तार तोलून द्यायची, संध्याकाळी धुऊन, वाळवून, पुन्हा तोलून आत ठेवायची. हे करायचा नियम नव्हता. इतर प्रयोगशाळांच्या रजिस्टरात 'प्लॅटिनमची तार, एक नग' एवढंच असायचं. तपासनीस यायचा, तार आहे का, आहे, नग एक, बरोबर, असं म्हणून चहा पिऊन जायचा. बाईंनीही 'एक नग' लिहिलं असतं तर त्यांना जन्मात कुणी काही विचारलं नसतं. नीट काम केलं म्हणून त्या सापडल्या. हे ऐकून ज्याच्या अंगाचा तिळपापड होत नाही, त्याच्या अंगात रक्त नाही असंच म्हणायला हवं.

बरं, बाईंनी हे लपवलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. वर्षभरापूर्वीच त्या सरांकडे रजिस्टर घेऊन गेल्या होत्या. रोज मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा, कधी पाचवा, असं तारेचं वजन उतरतंय, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं. सर हसले होते. प्लॅटिनम झिजत नसतं बाई, तराजू दुरुस्त करून घ्या, म्हणाले. बाईंनी तराजू दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तराजूत काही खोट नव्हती.

तपासनिसानं अहवाल दिला आणि तिघांची चौकशी समिती बसली. समितीनं सरांना एकच प्रश्न विचारला, प्लॅटिनम आम्लात विरघळू शकतं का. सर म्हणाले, नाही, तसं होत नाही. संपलं. त्या एका वाक्यात बाई चोर झाल्या. सरांना खरंच ठाऊक नव्हतं की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, हे त्यांचं त्यांना माहीत. पण वर्षभरापूर्वी बाईंनी दाखवलेलं रजिस्टर त्यांना आठवलं नाही, एवढं खरं.

किल्ली काढून घेतली. आणि दुसऱ्या दिवसापासून दारावरच्या दरवानानं बाईंचा डबा उघडून बघायला सुरुवात केली. एकोणीस वर्षं जो माणूस 'निघालात का बाई' म्हणून विचारायचा, तो मान खाली घालून रिकाम्या डब्यात बघायचा. वरून सांगितलंय, म्हणायचा. कुणी सांगितलं, कुठे लिहिलंय, ते त्यालाही माहीत नव्हतं. मागे रांग लागायची. ज्यांना बाईंनी आम्ल ओतायला शिकवलं ते विद्यार्थी दुसरीकडे बघायचे. बाईंना डबा दाखवण्याची लाज वाटत नव्हती. लाज वाटायची ती त्या बघणाऱ्यांची.

घरी नवरा म्हणाला, एवढ्यातेवढ्यावरून नोकरी घालवू नकोस, ते सांगतील तिथं सही करून टाक. बाईंनी त्या दिवशी भांडी जरा जास्तच जोरात घासली. वडील कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले. ऐंशी ओलांडलेली, हात थरथरायचे, पण कान शाबूत होते. त्यांनी विचारलं, तार कशात बुडवता, समोर काय असतं, दिवसभर काय होतं. बाईंनी सांगितलं.

"फडकी कुठं ठेवता तुम्ही?" वडिलांनी विचारलं.

"कसली फडकी, बाबा?"

"तारेसमोर जे असतं ते. वापरून झालं की कुठं जातं? धातू तुझ्या घरी आला नाही ना? मग तो तिथंच बसलाय."

वापरून झालेल्या जाळ्या सगळेजण कचऱ्यात टाकायचे. बाई टाकत नसत. एकेक जाळी धुऊन, कागदाच्या पाकिटात घालून, वर तारीख लिहून स्वतःच्या टेबलाच्या खणात. दोन वर्षांची तीनशेच्या वर पाकिटं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चष्मेवालीला गाठलं. चष्मेवाली म्हणजे त्या जाळीवरच प्रबंध लिहिणारी मुलगी, चौथं वर्ष चाललेलं. बाईंनी स्वतःचं रजिस्टर आणि तिची नोंदवही शेजारी शेजारी ठेवली. ज्या दिवशी जाळी सर्वांत जास्त सुधारली होती, त्या दिवशी तारेचं वजन सर्वांत जास्त उतरलं होतं. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, पानामागून पान तसंच. तार आम्लात कणाकणानं सुटत होती आणि समोरच्या जाळीवर जाऊन बसत होती. काळ्या स्वस्त लेपावर प्लॅटिनमचा अदृश्य मुलामा. पाणी फोडत होतं ते प्लॅटिनमच.

चष्मेवालीचा चेहरा पांढरा पडला. चार वर्षं तिचीही त्यात गेली होती. पण पोरगी खऱ्याची निघाली. तिनं सामानाच्या उघड्या कपाटातून पेन्सिलीच्या शिशासारखी कार्बनची कांडी काढली, तारेच्या जागी लावली आणि नवी जाळी सोडून दिवसभर समोर बसली. बुडबुडे आले, नाही असं नाही. पण लग्नाला आलेल्या नावडत्या पाहुण्यासारखे, एकेक करून, रेंगाळत. संध्याकाळपर्यंत जाळी तसूभरही सुधारली नाही.

दोघी सरांकडे गेल्या. सरांनी आलेख पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. चष्मेवालीला म्हणाले, हात बसला नाही तुझा अजून. बाईंनी जुनी जाळी धातुपरीक्षण विभागात पाठवायला मागितली. त्यासाठी सरांची सही लागायची.

"जाळीत प्लॅटिनम नाही," सर म्हणाले. "नसलेल्या गोष्टीची तपासणी कशाला करायची?" मग आवाज खाली आणून त्यांनी वाट काढून दिली. बाईंनी लिहून द्यावं की निष्काळजीपणामुळे धातू वाया गेला. चोरीचा विषय तिथंच मिटेल. पुढच्या महिन्यात कारखान्याचं उद्घाटन आहे, कुणालाच त्रास नको.

निष्काळजीपणा! जी बाई हात पुसायचा कागदसुद्धा दोन वेळा वापरते, तिनं निष्काळजीपणा लिहून द्यायचा. चोरापेक्षा हा शब्द बाईंना जास्त लागला. त्या तडक वळल्या. बाहेर आल्या, आणि दरवानाच्या खोलीसमोर येऊन तिथली पाटी पहिल्यांदाच नीट वाचली. एकोणीस वर्षं तिच्यासमोरून गेल्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं की दारावर पकडलेली धातूची कोणतीही वस्तू नोंदवून, सीलबंद करून धातुपरीक्षण विभागात पाठवली जाईल आणि अहवाल थेट चौकशी समितीकडे जाईल. त्यात सरांच्या सहीचं नाव नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी रांग भरपूर लागल्यावर बाई दारावर आल्या. डबा स्वतः उघडला. आत दोन पाकिटं होती. एकात तारेसमोर वापरलेली जुनी जाळी, दुसऱ्यात कार्बनच्या कांडीसमोर वापरलेली नवी.

दरवान गडबडला. "हे काय, बाई?"

"संस्थेचं सामान. न विचारता बाहेर नेतेय. लिहून घ्या, दादा."

"बाई, तुम्ही परत ठेवून या. मी बघितलं नाही."

"रोज बघता, मग आजच का नाही बघितलं? लिहा. पहिल्या पाकिटात प्लॅटिनम आहे, असं मी सांगितलं म्हणून लिहा. दुसऱ्यात नाही, तेही लिहा."

दरवानाला लिहिणं भाग पडलं. बाईंनी त्याला तारखाही सांगितल्या, आणि दोन्ही जाळ्यांचं वजनसुद्धा, कारण त्या घरी निघाल्या तरी वजन केल्याशिवाय निघणाऱ्यांतल्या नव्हत्या. खाली सही केली, दरवानाची घेतली, आणि रांगेतल्या दोघांची साक्ष म्हणून घेतली. तोपर्यंत दुसरीकडे बघणाऱ्यांपैकी एकानं पुढे होऊन पेन दिलं.

आठवड्यानं अहवाल आला. पहिल्या जाळीवर प्लॅटिनम, पुष्कळ. दुसरीवर नाही.

समिती पुन्हा बसली. आता तिची पंचाईत झाली होती. बाईंनी प्लॅटिनम बाहेर नेलं असं म्हणावं, तर सरांच्या जाळीत प्लॅटिनम आहे हे कबूल करावं लागत होतं. जाळीत प्लॅटिनम नाही म्हणावं, तर बाईंनी नेलं ते काय? समितीतल्या सर्वांत वयस्कर माणसानं सरांना विचारलं की तुमच्या स्वस्त लेपावर हे आलं कुठून. सरांनी घसा साफ केला, पाणी प्यायले, हा विषय गुंतागुंतीचा आहे म्हणाले.

"गुंतागुंत काही नाही," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं रोज किती गेलं ते माझ्याकडे तारखेनिशी लिहिलेलं आहे. खणात तीनशे सात पाकिटं आहेत. सगळी तपासा. बरंचसं तिथंच सापडेल. जे आम्लाबरोबर मोरीत गेलं असेल, ते मात्र मला सांगता येणार नाही. तुम्ही मला एकच गोष्ट लिहून द्या. मी चोरी केलेली नाही."

समितीतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तसं लिहून द्यायचा नमुना नाही, असं सांगण्यात आलं. आरोप ठेवायचा नमुना होता, आरोप सिद्ध झाल्याचा होता, सिद्ध न झाल्याचाही होता. माणूस निर्दोष होता आणि आपली चूक झाली, असं लिहायचा कागद त्या एवढ्या मोठ्या संस्थेत कुणी छापलेलाच नव्हता.

उद्घाटन पुढे ढकललं गेलं. तांत्रिक कारणामुळे, असं छापून आलं. सर लांबच्या रजेवर गेले. चष्मेवालीनं पहिल्यापासून काम सुरू केलं, कार्बनची कांडी लावून. तिच्या जाळीतून पूर्वीच्या पाव हिश्श्याएवढेच बुडबुडे येतात. पण ते तिचे आहेत, आणि मागच्या महिन्यात किंचित वाढले, असं ती बाईंना धावत येऊन सांगून गेली. किल्ली एका शिपायाबरोबर बाईंच्या टेबलावर परत आली, सोबत एक शब्दही नाही.

डबा बघणं मात्र थांबेना. दरवानानं वर विचारलं. हुकूम तोंडी होता, त्यामुळे तो मागे घ्यायलाही काही नव्हतं. शेवटी त्यानंच एके दिवशी, बाईंनी डबा पुढे केल्यावर, झाकण घट्ट लावून परत दिला आणि म्हणाला, "निघालात का बाई." बाईंना तेवढ्यानंच रडू आलं.

आणि मग संस्थेचं पत्र आलं. माफीचं नव्हे, ताकीद देणारं! विनापरवाना सामान दाराबाहेर नेण्याचा प्रयत्न केल्याबद्दल. नखाएवढ्या दोन जाळ्यांसाठी. बाईंनी पत्र उभ्यानंच वाचलं आणि त्यांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. फाडून टाकावं म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं. मग तिसरी ओळ पुन्हा वाचली. त्यात लिहिलं होतं, 'आपण संस्थेची प्लॅटिनमयुक्त जाळी बाहेर नेत असताना...' खाली संचालकांची सही आणि गोल शिक्का.

बाईंनी पोच म्हणून सही केली. घरी नेऊन वडिलांना दाखवलं. वडिलांनी भिंग लावून तिसरी ओळ दोनदा वाचली. "बसलाच होता म्हणजे," एवढंच बोलले, आणि भिंग पुसून खिशात ठेवलं.

सकाळी कामावर आल्यावर बाईंनी पहिल्यांदा ते पत्र तराजूवर ठेवलं. चार ग्रॅम, आठशे नव्वद मिलिग्रॅम. मग रजिस्टराचं शेवटचं पान उघडलं. एक्केचाळीस मिलिग्रॅमच्या समोर, तपासनिसानं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. बाईंनी ते खोडरबरानं पुसलं, त्या जागी पत्र चिकटवलं, आणि शेजारी शाईनं लिहिलं: जाळीवर. पुरावा सोबत, वजनासह.